तुमचे प्रश्न : चित्र विकलं जात नाही तेव्हा

या महिन्यात कलेवरची पत्रं नि मेसेज इतके आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकललेत. जवळजवळ सगळे बडोद्यातूनच, दांडिया बाजार, मांजलपूर, कारेलीबाग, काही फतेहगंजातल्या भाड्याच्या खोल्यांमधून. सूर एकच, विक्री थंड आहे, गॅलरीवाले "बघू दिवाळीनंतर" म्हणतात आणि घरचे रोज विचारतात की आता पुढे काय. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय म्हणून कुणाचंच छापत नाही.

प्रश्न : ताई, मी फाइन आर्ट्समधून पेंटिंगमधे मास्टर्स केलं. दोन ग्रुप शो झाले, मग सगळं थांबलं. आता एका शाळेत ड्रॉइंग टीचर आहे, दुपारी घरी येते तेव्हा अंगात जीव नसतो, चित्र होतं ते फक्त मे महिन्यात नि दिवाळीच्या सुट्टीत. बॅचमेट इन्स्टावर रेसिडेन्सीचे, म्हणजे कुठेतरी राहून काम करायला बोलावतात त्याचे, फोटो टाकतात. मी आता आर्टिस्ट राहिलेच नाही असं वाटतं. नोकरी सोडू का? (चित्रकार, मांजलपूर)

उत्तर : नोकरी सोडू नकोस. आत्ता तर नाहीच, आणि बॅचमेटच्या इन्स्टाकडे बघून तर कधीच नाही.

आपल्याच गावातलं उदाहरण घे ना. भूपेन खक्कर १९६२ मधे मुंबईहून बडोद्याला आले ते चार्टर्ड अकाउंटंट होऊन आले होते, आणि पुढे कित्येक वर्षं इथल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत पार्ट-टाइम हिशोब बघायचे. ज्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन २०१६ मधे लंडनच्या टेट मॉडर्नला लागलं ते लोकांची खाती तपासून घर चालवत होते आणि उरलेल्या वेळात चित्र काढत होते. मला याहून मोठी वाटते ती गोष्ट अशी की त्या पगारामुळे गॅलरीला काय आवडेल हे बघायची गरज त्यांना पडली नाही. न्हावी, शिंपी, घड्याळजी असल्या माणसांना तेव्हा कॅनव्हासवर कोण आणत होतं? त्यांचं १९७२ चं 'जनता वॉच रिपेअरिंग' बघ, मांडवीकडे जाताना दिसेल असलं दुकान, त्यात बसलेला घड्याळजी, बस, एवढंच, आणि तरी नजर हलत नाही. महिन्याचा पगार ठरलेला असला की चित्र फसलं तरी चालतं, आणि फसायची भीती नसलेल्या माणसाचंच काम पुढे सरकतं हे मी शो लावताना वर्षानुवर्षं बघतेय.

चित्रकार के. जी. सुब्रमण्यन, सगळे त्यांना मणिदा म्हणायचे, १९५९ ते ६१ इथली फाइन आर्ट्स फॅकल्टी सोडून मुंबईत हँडलूम बोर्डात डिझाइनच्या नोकरीवर होते. परत आल्यावर फाइन आर्ट्स फेअरसाठी लाकडाची, मण्यांची, चामड्याची खेळणी करायला लागले. हा माणूस मोठमोठ्या भिंती टेराकोटाच्या छोट्या छोट्या टाइल्सनी उभ्या करायचा, लखनौच्या रवींद्रालयाची भिंत १९६३ ची, तिथे मला तरी विणकामाचीच रीत दिसते, एक एक घर भरत जायची. म्हणजे नोकरीतलं शिकलेलं वाया जात नाही, तुझ्या शाळेतली पोरं ज्या रीतीने माणूस काढतात तेही कधीतरी तुझ्या कागदावर येईल.

आणि सुट्टीसुट्टीत काम होतं म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. कीर्तिमंदिरात, गायकवाडांच्या स्मारकात, जा, जवळच तर आहे. नंदलाल बोस यांनी तिथल्या भिंती १९३९ ते १९४६ मधे रंगवल्या, बाहेर दुसरं महायुद्ध चाललेलं, ते शांतिनिकेतनहून विद्यार्थ्यांना घेऊन यायचे, काही दिवस काम करायचे, परत जायचे, मग पुन्हा यायचे. गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा, महाभारताचं युद्ध, सगळं असं हप्त्याहप्त्याने झालंय आणि समोर उभं राहिलं की कुठे खंड पडला ते शोधून सापडत नाही.

पण नोकरी करून चित्र आपोआप टिकत नाही, तेवढं सांगते. तुझं काय होतंय, सुट्टी लागली की पहिले आठ-दहा दिवस हात बसवण्यात जातात आणि हात बसला की शाळा सुरू. म्हणून शाळेच्या दिवसांसाठी साइझ बदल. मोठा कॅनव्हास सुट्टीसाठी ठेव आणि एरवी इंपीरियल शीटचे, म्हणजे ड्रॉइंगच्या मोठ्या कागदाचे, चार तुकडे करून घे, एक तुकडा कायम टेबलावर टेप लावून चिकटवलेला पाहिजे, रंग ताटलीत काढलेले पाहिजेत, म्हणजे चहा पिताना वीस मिनिटं मिळाली तरी बसता येईल, कारण थकलेल्या माणसाला काम नको नसतं, सामान काढायचं नको असतं. रविवारी तुकडे एका ओळीत भिंतीवर लावून बघ. वर्षभरात एक सलग काम उभं राहतं आणि पोर्टफोलिओ मागितला की आजचं दाखवायला असतं, कॉलेजातलं नाही.

पैशाचं म्हणशील तर केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची ज्युनियर फेलोशिप आहे, वय २५ ते ४०, महिना १०,००० रुपये, दोन वर्षं. चाळिशीच्या पुढच्यांना सीनियर, महिना २०,०००. त्याहून लहान पोरांना, १८ ते २५, स्कॉलरशिप आहे महिना ५,००० ची. आमच्याकडचे कितीतरी जण फॉर्म भरतच नाहीत कारण "आपल्याला कोण देणार". भरायचा. प्रोजेक्ट लिहिताना मोठे शब्द नकोत, काय करणार, कशावर करणार, दोन वर्षांनी हातात काय असेल, एवढं लिही.

प्रश्न : मी स्वतंत्र क्युरेटर म्हणून काम करतो. आर्टिस्टला निदान चित्र विकून पैसे मिळतात, मला प्रत्येक जण म्हणतो बजेट नाहीये पण तुमचं नाव होईल. मागच्या शोमधे टेक्स्ट लिहिलं, चित्रं आणली, टांगली, परत पोचवली आणि शेवटी हातात शाल नि श्रीफळ. फी कशी मागायची? मागितली तर पुढचं काम जातं. (क्युरेटर, सयाजीगंज)

उत्तर : जाऊ दे. जे काम फी मागितल्यावर जातं ते पुढच्या वेळीही फुकटच मागणार असतं.

आता मागायची कशी ते सांगते, कारण आपल्याकडे क्युरेटर म्हणजे उद्घाटनाला माइकवर बोलतो तो एवढीच कल्पना आहे, आणि नुसता एक आकडा सांगितला की समोरच्याला वाटतं हे कशाचे मागतोय. काम फोडून लिहा. स्टुडिओ व्हिजिट, निवड, टेक्स्ट, कॅप्शन, भिंतींचा आराखडा, नेणं-आणणं, टांगणं, परत पाठवणं, प्रत्येकापुढे दिवस आणि रक्कम. दोन पानी कोटेशन, खाली लिहायचं की एक तृतीयांश आधी, एक तृतीयांश चित्रं भिंतीवर चढली की, उरलेले शो उतरल्यावर. बजेट खरंच कमी असेल तर रक्कम कमी करू नका, काम कमी करा. म्हणजे "एवढ्यात मी निवड आणि टेक्स्ट देतो, ट्रान्सपोर्ट तुमचं" असं सांगायचं. पैसे देताना १० टक्के टीडीएस कापतील तर रिटर्न भरा म्हणजे तो वळता होतो, कितीतरी जण हे पैसे सोडून देतात.

आणि एक कागद तुम्ही स्वतःसाठी कराच, कंडिशन रिपोर्ट. चित्र ताब्यात घेताना पुढून, मागून, चारी कोपऱ्यांचे फोटो, तिरपा उजेड टाकून एक फोटो म्हणजे रंगाला पडलेली भेग दिसते, फ्रेमवरचा आधीचा ओरखडा, मागच्या बाजूला बुरशीचा डाग असेल तर तो, सगळं आर्टिस्टसमोर लिहून दोघांच्या सह्या. शो उतरल्यावर पुन्हा तेच. हे करणारा क्युरेटर आपल्या गावात इतका कमी दिसतो की दोन शोमधे हे केलंत तर गॅलरीवाले तुम्हाला नुसतं चित्रं हाताळायलाही बोलावतील आणि त्याचे वेगळे पैसे देतील. चित्रं जमवणाऱ्या कलेक्टर लोकांच्या घरी पडलेल्या चित्रांची यादी करून देणं हेही काम आहे, मंदीतही चालतं, उलट तेव्हाच जास्त, कारण विकायचं तर आधी यादी लागते.

शो नसतील तेव्हा काय करायचं हा तुमचा न विचारलेला प्रश्न मला पत्रात दिसतोय. आपल्या कमाटीबागेतल्या पिक्चर गॅलरीची बिल्डिंग १९१४ मधे तयार झाली, पण पहिलं महायुद्ध लागलं, युरोपातून यायची चित्रं अडकली आणि गॅलरी उघडली १९२१ मधे. सात वर्षं बिल्डिंग तयार आणि दार बंद. कधी कधी थांबावंच लागतं. पण थांबतानाही करता येतं, चित्रकार गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खक्कर यांनी १९६९ ते ७३ इथूनच 'वृश्चिक' नावाचं छोटं मासिक काढलं, आत आर्टिस्टांचे प्रिंट्स, कविता, ललित कला अकादमीच्या कारभारावर सरळ भांडण. गॅलरी नव्हती त्यांच्याकडे, पण आज त्या काळावर लिहिणारा प्रत्येक जण वृश्चिकचे अंक शोधत फिरतो. तुमच्याकडे टेक्स्ट लिहायचा हात आहे. बडोद्यात सत्तरी-ऐंशी ओलांडलेले किती आर्टिस्ट आहेत ज्यांच्या कामाची यादीसुद्धा कुणी केलेली नाही? रेकॉर्डर घेऊन जा, तारखा विचारा, जुनी आमंत्रणपत्रं स्कॅन करा. बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्ससारख्या संस्था संशोधनाला ग्रँट देतात, पण त्यांना हातात आधीच काहीतरी घेतलेला माणूस लागतो.

प्रश्न : मी एका हॉटेलच्या लॉबीत मोठं भिंतचित्र केलं. कागदपत्र काही नाही, सगळं तोंडी. आता त्यांनी माझं चित्र कॅलेंडरवर आणि मेनूकार्डवर छापलंय, माझी सही कापून. वर मालक म्हणतो पुढच्या वर्षी रिनोव्हेशनला भिंत पांढरी करणार. मी काही करू शकते का? (म्युरलिस्ट, अलकापुरी)

उत्तर : तुम्हाला आवडणार नाही ते आधी सांगते. १९५७ च्या कॉपीराइट ॲक्टचं कलम १७ असं आहे की पैसे देऊन सांगून करून घेतलेलं पेंटिंग, पोर्ट्रेट किंवा फोटो असेल आणि वेगळा करार नसेल तर कॉपीराइटचा पहिला मालक करवून घेणारा. म्हणजे कॅलेंडर छापण्यावर तुमची बाजू कच्ची आहे. हे कितीतरी आर्टिस्टना माहीतच नसतं, त्यांना वाटतं मी काढलं म्हणजे माझं. आपल्याकडे मोठमोठ्या कामाचे व्यवहार चहावर होतात नि दोन्हीकडचे म्हणतात "आपल्या आपल्यात कागद कशाला", त्याचं असं होतं.

सही कापली ते मात्र वेगळं. कलम ५७, कॉपीराइट विकला तरी काम माझं आहे हे सांगायचा आणि नाव खराब होईल अशी मोडतोड झाली तर हरकत घ्यायचा हक्क आर्टिस्टकडेच राहतो. अमरनाथ सहगल यांचं दिल्लीच्या विज्ञान भवनातलं ब्राँझचं म्युरल १९७९ मधे काढून गोदामात टाकलं, तुकडे हरवले, ते कोर्टात गेले आणि २००५ मधे दिल्ली हायकोर्टाने म्युरल परत द्या आणि ५ लाख रुपये भरपाई द्या असा निकाल दिला. सव्वीस वर्षांनी का होईना. पण पूर्ण वस्तूच पाडली तर काय, यावर त्याच कोर्टाने २०१९ मधे दिल्लीतल्या पाडलेल्या हॉल ऑफ नेशन्स इमारतीच्या केसमधे आर्किटेक्टच्या विरुद्ध निकाल दिला, म्हणून भिंत वाचेलच असं मी म्हणणार नाही. वकिलाकडून एक साधं पत्र पाठवा, दोनच मागण्या, पुढच्या छपाईत नाव घाला आणि भिंत रंगवायच्या आधी मला कळवून फोटो काढू द्या. हॉटेलवाल्याला पेपरात नाव नको असतं, बहुतेक ऐकतात. आणि आजच जाऊन चांगल्या कॅमेऱ्याने फोटो काढून घ्या, त्याची वाट बघू नका.

पुढच्या कामाला एक पान पुरतं. कॉपीराइट माझा, तुम्हाला ही भिंत वापरायचा हक्क, छापायचं तर वेगळे पैसे, नाव कायम, काढायचं झालं तर ६० दिवस आधी कळवणं. हक्क द्यायचेच झाले तर किती वर्षं नि कुठे ते लिहा, कारण नाही लिहिलं तर कायदा पाच वर्षं आणि पूर्ण भारत असं धरतो. राजा रविवर्म्यांनी आपल्या बडोद्याच्या राजवाड्यासाठी एवढी चित्रं काढली, १८९४ मधे स्वतःचा छापखाना काढला, पण प्लेगचे दिवस, डोक्यावर कर्ज, आणि १९०१ मधे प्रेस जर्मन टेक्निशियनला विकला, त्याबरोबर चित्रं छापायचे हक्कही गेले. पुढे कितीतरी वर्षं घरोघरी लक्ष्मी-सरस्वती छापून जात राहिल्या. अडचणीत माणूस पहिल्यांदा हक्कच विकतो कारण ते दिसत नाहीत. चित्र विका, हक्क शेवटी.

प्रश्न : मी शिल्पकला शिकलोय, पण पैसे मिळतात ते शाडूच्या गणपतीतून, चार महिने तेच. बरोबरचे म्हणतात तू मूर्तिकार झालास. वाईट वाटतं. (दांडिया बाजार)

उत्तर : म्हणू देत. चार महिन्यांत वर्षाचं भाडं निघत असेल तर उरलेले आठ महिने तुमचे आहेत, बोलणाऱ्यांकडे ते आहेत का विचारा. फक्त एक करा, ऑर्डरचा आकडा मे महिन्यात ठरवून टाका आणि त्यानंतर कितीही ओळखीचा आला तरी नाही म्हणा, नाहीतर चाराचे सात महिने होतात.

प्रश्न : २०२४ च्या ऑगस्टमधे विश्वामित्री नदीचं पाणी माझ्या तळमजल्याच्या स्टुडिओत शिरलं. कागदावरचं जवळजवळ सगळं गेलं, जे वाचलं तेही घाईत उन्हात वाळवल्यामुळे वेडंवाकडं झालं. जागा बदलायला पैसे नाहीत. पुन्हा तसं झालं तर काय करायचं? (प्रिंटमेकर, फतेहगंज)

उत्तर : हे वाचून फार वाईट वाटलं. त्या पुरात आपल्या किती लोकांचं काम गेलं याची कुणी नोंदही केली नाही, दुकानांचे पंचनामे झाले, स्टुडिओ कुणाच्या मोजणीतच नव्हते.

तर नीट लिहून ठेवा. पाणी उतरल्यावर दोन दिवसांत बुरशी धरायला लागते, सगळी धावपळ त्या दोन दिवसांची. ऊन नको, हेअर ड्रायर तर मुळीच नको, सावलीत पंखा लावायचा पण पंख्याचा झोत कामावर नाही, भिंतीकडे. ओला कागद एका कोपऱ्याला धरून उचलायचा नाही, फाटतो, खाली प्लास्टिकची शीट सरकवून शीटसकट उचलायचा. मग कोरा ब्लॉटिंग पेपर किंवा पांढरं सुती कापड खालीवर, दर थोड्या वेळाने बदलायचं. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. प्रिंटची शाई तेलाची असेल आणि चिखल लागला असेल तर स्वच्छ पाण्याच्या ट्रेमधे हलकं बुडवून काढता येतं, वॉटरकलर आणि गाउचला ते करायचं नाही, रंग वाहून जाईल. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका. आणि ढीग एवढा असेल की दोन दिवसांत होणारच नाही, तर मधे बटर पेपर घालून छोटे छोटे गठ्ठे पिशवीत बांधा आणि शेजारपाजारी जिथे डीप फ्रीझर असेल, आइस्क्रीमच्या दुकानात सुद्धा, तिथे ठेवा. गोठलेलं काम थांबून राहतं, मग सवडीने थोडं थोडं काढून वाळवायचं. म्युझियमवाले जगभर हेच करतात. कॅनव्हास असेल तर स्ट्रेचरवरून, म्हणजे ताणलेल्या लाकडी चौकटीवरून, काढू नका, चित्र वर ठेवून विटांवर आडवा ठेवा, खालून हवा लागली पाहिजे, आणि रंग फुगला असेल तिथे बोट लावू नका.

आता आधीचं. तुम्ही प्रिंटमेकर आहात ते बरंय, एडिशनचे, म्हणजे एकाच प्लेटवरून काढलेले, सगळे प्रिंट्स एका छताखाली ठेवू नका. दोन बहिणीकडे, दोन एखाद्या वरच्या मजल्यावरच्या मित्राकडे, प्लेट्स तिसरीकडे. यादी आणि फोटो फोनमधे नाही, ऑनलाइन ड्राइव्हवर. इन्शुरन्स घेतलात तर पॉलिसीत पूर कव्हर आहे का हे लेखी विचारा आणि किमतीची यादी त्यांना आधी द्या, नंतर दिलेली यादी मानत नाहीत. जागा बदलणं जमत नसेल तर दोघा-तिघांनी मिळून वरच्या मजल्यावर एक खोली फक्त साठवणीसाठी घ्या, काम खाली करा, भाडं वाटून फार येत नाही. आणि भिंतीवर २०२४ च्या पाण्याची खूण अजून असेल, रॅकची सगळ्यात खालची फळी तिच्या हातभर वर बसवून घ्या, सुतार मे महिन्यात मोकळे असतात, जूनमधे मिळत नाहीत.